नानचाकूने टेबल टेनिस खेळणारा ब्रूस ली

गेल्या आठवड्यात तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा आला. पिवळट, खरखरीत चित्र, समोर भिडू आणि ब्रूस ली नानचाकूने, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांनी, चेंडू परतवतोय. खाली मजकूर: हा खरा ब्रूस ली, शत्रूंनी गुप्त फटका मारून त्याला संपवलं, त्याच शापाने मुलगाही गेला, देवाने असं शरीर दिलं होतं की आयुष्यात एकही लढत हरला नाही. यातलं एकही वाक्य टिकत नाही. लहानपणापासून ज्याला मानत आलो, त्याच्याबद्दल हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून लिहितोय.

व्हिडिओ म्हणजे नोकियाची 2008 सालची, चीनमधल्या ग्राहकांसाठी केलेली जाहिरात. माणूस त्याच्यासारखा दिसणारा नट, चेंडू संगणकावर घातलेला. ब्रूस लीला जाऊन तेव्हा 35 वर्षं झाली होती.

गुप्त फटक्याची गोष्ट मात्र कुठून आली ते समजण्यासारखं आहे. 20 जुलै 1973 ला तो हाँगकाँगमध्ये गेला, वय अवघं 32. सुरुवातीला सांगितलं गेलं की तो घरी कोसळला. मग वार्ताहरांनी शोधून काढलं की अ‍ॅम्ब्युलन्स त्याच्या घरी गेलीच नव्हती, ती गेली होती बेट्टी टिंग पे या अभिनेत्रीच्या फ्लॅटवर. एक खोटं उघडं पडल्यावर लोक पुढच्या खऱ्यावरही विश्वास ठेवेनात. पण शवविच्छेदनात अंगावर माराची खूण नव्हती. मेंदूला सूज होती: साधारण 1,400 ग्रॅमचा मेंदू 1,575 ग्रॅम भरला. डोकं दुखतं म्हणून त्याने अ‍ॅस्पिरिन आणि मेप्रोबामेट हे शामक औषध असलेली गोळी घेतली होती. चौकशीअंती अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. सूज नेमकी कशाने आली, यावर डॉक्टर आजही वाद घालतात. कुणी उष्माघात म्हणतं, कुणी रक्तातलं सोडियम घटल्याचं. आणि 10 मे 1973 ला, म्हणजे दोन महिने आधी, डबिंग करताना तो असाच कोसळला होता, तेव्हाही मेंदूला सूजच होती. हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

मुलाचं, ब्रँडनचं, ऐकून तर जीव कळवळतो. मार्च 1993 मध्ये चित्रीकरणात त्याच्यावर झाडलेलं पिस्तूल खरं होतं. आधीच्या एका दृश्यासाठी भरलेल्या नकली काडतुसाचं शिसं नळीत अडकून राहिलं, कुणी नळी तपासली नाही, आणि नंतर भरलेल्या बिनगोळीच्या बाराने ते शिसं बाहेर फेकलं. 28 वर्षांचा पोरगा गेला. याला शाप म्हटलं की ज्यांनी नळी बघायला हवी होती ते सुटतात.

आता ‘एकही लढत हरला नाही’. कराटेच्या स्पर्धांत तो उतरलाच नाही, मग हरणार कुठे? 1964 मध्ये लाँग बीचला त्याने केली ती प्रात्यक्षिकं: दोन बोटांवर जोर, एका इंचावरून ठोसा. त्याच वर्षी ओकलंडमध्ये बंद दाराआड वाँग जॅक मॅन या कुंग फू शिक्षकाशी त्याची लढत झाली. कोण जिंकलं यावर दोन्हीकडचे लोक वेगवेगळं सांगतात. पण ब्रूस लीच्या बायकोच्या, लिंडाच्या, सांगण्यानुसार तो जिंकूनही खट्टू होऊन बसला होता. तीन मिनिटांतच दम लागला आणि शिकलेली विंग चुन ही कुंग फूची शैली अपुरी पडली, हे त्याला लागलं. मग धावणं, दोरीवरच्या उड्या, वजनं, बॉक्सिंग, तलवारबाजीतलं पायकाम. यातूनच पुढे जीत कुन दो ही त्याची स्वतःची लढण्याची पद्धत उभी राहिली. त्यात देवाने दिलेलं काय होतं? लांबचं अंधूक दिसणारे डोळे आणि एक पाय किंचित आखूड.

1970 मध्ये खांद्यावर वजन घेऊन वाकताना त्याची पाठ गेली. पुन्हा लाथ मारता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. महिनोन्‌महिने पडून राहावं लागलं, तेव्हा त्याने वह्याच्या वह्या टिपणांनी भरल्या. एका कार्डामागे ‘वॉक ऑन’, चालत राहा, एवढंच लिहून ठेवलं. पुढच्याच उन्हाळ्यात, 1971 मध्ये, तो थायलंडमध्ये ‘द बिग बॉस’ या चित्रपटासाठी कॅमेऱ्यासमोर लाथा मारत होता, आणि पाठीचं दुखणं त्याला शेवटपर्यंत पुरलं.