‘24 मेगाहर्ट्झ’ म्हणजे 24 मेगाहर्ट्झचा सिग्नल नव्हे

लॉजिक अॅनालायझर म्हणजे सर्किटमधल्या तारांवरचे 0-1 सिग्नल नोंदवून दाखवणारं यंत्र. स्वस्तातल्या आठ चॅनलच्या लॉजिक अॅनालायझरवर ‘24 मेगाहर्ट्झ’ छापलेलं असतं. त्यावरून 24 मेगाहर्ट्झपर्यंतचा कुठलाही सिग्नल त्यात नीट दिसतो, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

हा आकडा सॅम्पलिंगचा. सेकंदाला 2 कोटी 40 लाख वेळा, म्हणजे साधारण 42 नॅनोसेकंदांनी एकदा, यंत्र पिनवर नजर टाकतं. मधल्या वेळात काय घडलं ते त्याला कळत नाही. यूएआरटी, आयटूसी आणि एसपीआय या चिपांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धती. यूएआरटी 115200 बॉडवर (सेकंदाला 115200 बिट) असेल तर एका बिटमागे दोनशेच्या वर नमुने (सॅम्पल) मिळतात; 400 किलोहर्ट्झच्या आयटूसीलाही क्लॉकच्या (बिटांची लय ठरवणाऱ्या सिग्नलच्या) एका ठोक्यामागे 60. चैनच म्हणायची. पण एसपीआयचा क्लॉक 8 मेगाहर्ट्झवर नेला की जेमतेम तीन नमुने उरतात आणि डीकोडर (सिग्नलमधले बाइट वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) भलतेच बाइट दाखवू लागतो. मग माणूस बिचारा आपलाच कोड तपासत बसतो! क्लॉकच्या निदान चौपट सॅम्पलिंग हवं, म्हणजे इथे 6 मेगाहर्ट्झ ही व्यवहारातली हद्द.

त्याच मजकुरात ‘आता ऑसिलोस्कोपची गरज नाही’ असंही आहे. तेही बरोबर नाही. ऑसिलोस्कोप (स्कोप) व्होल्टेज कसं बदलतं त्याचा आलेख दाखवतो; अॅनालायझर फक्त 0 की 1 एवढंच नोंदवतो. आयटूसीचा पुल-अप रेझिस्टर (लाइन वर खेचून ठेवणारा रोध) गरजेपेक्षा मोठा असला तर एसडीएची (डेटाची) लाइन वर चढायला रेंगाळते. स्कोपवर तो गोलसर चढ लगेच दिसतो, अॅनालायझरवर मात्र सरळ उभी कडा. तिथे स्कोपच लागतो. ग्राउंडची वायर मात्र दोन्हींना आधी जोडा; ती सुटलेली असली तर चॅनलवर नुसता कचरा दिसतो.