काउंटर-स्ट्राइकच्या त्या अपडेटने कोणालाही लुटलेलं नाही

२०२५ च्या दिवाळीत, पाडवा आणि भाऊबीज यांच्या मध्ये कुठेतरी, व्हॉल्व्ह या कंपनीने काउंटर-स्ट्राइक २ या आपल्या गोळीबाराच्या गेमचं एक अपडेट सोडलं. तेव्हापासून पुण्यातल्या गेमिंग ग्रुपांवर थोड्याफार फरकाने एकच मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: कंपनीने एका रात्रीत खेळाडूंचे दोन अब्ज डॉलर लुटले. आधी कोणाला सांगितलं नाही. आता नाईफ (गेममधले महागडे चाकू) पैशाला पासरी मिळतील. लोकांची गुंतवणूक मातीत गेली, गेम संपला, आणि हे सगळं गेममधल्या पेट्यांच्या चाव्या खपवायला केलं. शेवटी अर्थातच, पुढे पाठवा.

मला ते अपडेट आवडलं. माझ्याकडे नाईफ नाही, कधी नव्हता, त्यामुळे ‘तुझ्या बापाचं काय जातंय’ हे विचारून झालं असं समजू आणि पुढे जाऊ.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. बंदुकीवर चढवायची नक्षी म्हणजे स्किन. ऑगस्ट २०१३ मध्ये त्या गेममध्ये आल्या. रंगावरून त्यांचा दर्जा कळतो: निळा, जांभळा, गुलाबी, लाल, आणि सगळ्यात वर सोनेरी, म्हणजे नाईफ आणि ग्लोव्ह्ज. एका दर्जाच्या दहा स्किन दिल्या की वरच्या दर्जाची एक मिळते, याला ट्रेडअप म्हणतात. हा प्रकार लालपाशी येऊन थांबायचा. हातात रेड, म्हणजे लाल स्किन, असली की तिथून वर रस्ताच नव्हता. नाईफ हवा तर नशिबाने केसमधून, म्हणजे कंपनीकडून चावी विकत घेऊन उघडायच्या बंद पेटीतून, निघायला हवा, नाहीतर रोख मोजून घ्यायचा. अपडेटने तो बंद रस्ता उघडला. पाच रेड द्या, एक नाईफ किंवा ग्लोव्ह्ज घ्या.

तोही कुठलाही नाही. किलोवॅट केसमध्ये दोन रेड आहेत, एके-४७ इनहेरिटन्स आणि एडब्ल्यूपी क्रोम कॅनन. या दोन्हींच्या मिळून पाच टाकल्या तर त्या केसचा नाईफ, म्हणजे कुक्रीच येणार. वेगवेगळ्या केसच्या मिसळल्या तर ज्या केसच्या रेड जास्त, तिचा नाईफ यायची शक्यता जास्त. आणि टाकलेल्या पाच स्किन सरासरी किती झिजलेल्या आहेत त्यावर येणाऱ्या नाईफची झीज ठरते. चकाचक नाईफ हवा असेल तर चकाचक रेड जाळाव्या लागतात. एवढंच ते अपडेट.

आता दोन अब्ज डॉलर.

हा आकडा कोणाच्या बँक खात्याच्या पासबुकातून आलेला नाही. जगातल्या एकूण एक स्किनला तिच्या शेवटच्या विक्रीच्या भावाने गुणून बेरीज केली की सहा अब्ज डॉलरच्या आसपासची रक्कम यायची. अपडेटनंतर तीच बेरीज दोनेक अब्जांनी खाली आली. समजा कोथरूडमध्ये ऐंशी फ्लॅटची सोसायटी आहे. एक फ्लॅट दीड कोटीला गेला, आणि सेक्रेटरी सांगत सुटला की आपली सोसायटी १२० कोटींची. पुढच्या महिन्यात शेजारी नवा टॉवर उभा राहिला आणि पुढचा फ्लॅट सव्वा कोटीला गेला. सोसायटी झाली १०० कोटींची. मधले २० कोटी कोणाच्या घरातून चोरीला गेले? एका विकणाऱ्याला अपेक्षेपेक्षा पंचवीस लाख कमी मिळाले, बस. बाकीचे एकोणऐंशी जण त्याच घरात, त्याच गळक्या टाकीखाली राहतायत.

स्किनचंही तेच. सगळ्यांनी एकाच दिवशी आपापला नाईफ विकायला काढला असता तर ते सहा अब्ज अपडेटच्या आदल्या दिवशीही कोणाला मिळाले नसते. आणि लुटलं म्हणायचं तर लुटारूच्या हाताला काहीतरी लागायला हवं. त्या रात्री भाव पडले त्यातला पैसा व्हॉल्व्हकडे गेला नाही. विक्रीच्या धांदलीत स्टीम या व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन दुकानाच्या मार्केटवरचं नेहमीचं १५ टक्के कमिशन मिळालं असेल, तेवढंच. चढ्या भावाने ज्याने विकत घेतला, त्याचे पैसे त्याला विकणाऱ्याच्या खिशात गेले होते, तेही कधीच.

माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. भाऊबीजेला वारज्यात बहिणीकडे गेलो तर हा तोंड पाडून बसलेला, एका हातात मोबाइल, ताटातली करंजी तशीच. दर दोन मिनिटांनी भाव बघायचा.

‘अरे मामा, नाईफचे निम्मे गेले.’

‘विकणार होतास?’

‘छे, विकायचा कशाला? मी खेळतो ना त्याच्याने.’

‘मग आता खेळता येणार नाही का?’

माझ्याकडे बघण्याची त्याची तऱ्हा अशी होती की मी विषय बदलला. त्याच्या रूममेटकडे मात्र दोन जुन्या रेड धूळ खात पडल्या होत्या. त्यांचे भाव त्याच काही तासांत कित्येक पटींनी वर गेले. त्याला कोणी मेसेज पाठवला नाही. फिरणाऱ्या मेसेजमध्येही अशा लोकांचा उल्लेख नाही. जगात नाईफवाल्यांपेक्षा रेडवाले जास्त आहेत, आणि त्यातले बरेच जण नाईफ परवडत नाही म्हणून रेडवर थांबलेले साधे खेळाडू आहेत.

ज्याने कॉलेजची फी किंवा पहिला स्टायपेंड घालून अपडेटच्या आदल्या आठवड्यात नाईफ घेतला आणि घाबरून दुसऱ्या दिवशी विकला, त्याचं नुकसान खरं आहे. त्याला हसण्यासारखं काही नाही. पण ते नुकसान म्हणजे दोन अब्ज डॉलर नव्हेत.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात मजेदार वाटतो, कारण तो आकडेमोडीने तपासता येतो आणि कोणी तपासत नाही. नाईफ रस्त्यावर पडतील म्हणे. चीनमधल्या नियमांमुळे केसमधून काय निघायची किती शक्यता हे २०१७ मध्ये जाहीर करावं लागलं. दहा हजार केस उघडल्या तर सरासरी ७,९९२ निळ्या, १,५९८ जांभळ्या, ३२० गुलाबी, ६४ लाल आणि २६ सोनेरी. आता या ६४ च्या ६४ रेड ट्रेडअपमध्ये घाला. पाचाला एक, म्हणजे बारा-तेरा नाईफ. मूळच्या २६ वर हे बारा-तेरा. म्हणजे जगातली प्रत्येक रेड जाळून टाकली, कोणाच्याच एके-४७ वर एकही लाल नक्षी उरली नाही, तरी नाईफ वाढणार निम्म्याने.

अजून टोकाला जाऊ. निळ्या दहाच्या एक करून जांभळ्या केल्या, त्या गुलाबी केल्या, त्या लाल केल्या, पृथ्वीवर एकही साधी स्किन ठेवली नाही. तर एकूण १२० च्या आसपास रेड होतात आणि त्यांचे २४ नाईफ. २६ चे ५०. सगळी लंका जाळूनही दुप्पट होत नाहीत. आणि असं होणारच नाही, कारण रेड जाळल्या की उरलेल्या रेड महागतात, पाच रेडची किंमत त्या केसच्या नाईफच्या वर गेली की कोणी शहाणा माणूस ट्रेडअप करत नाही. भाव कोसळला तो या हिशोबामुळे नाही, घबराटीमुळे. पहिल्या दिवशी ज्यांनी मिळेल त्या भावाला काढून टाकलं त्यांना व्हॉल्व्हने नाही, अशाच मेसेजनी घाबरवलं.

पूर्वसूचनेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. समजा महिनाभर आधी जाहीर केलं असतं. भाव कधी पडले असते? जाहीर झाल्या मिनिटाला. बाजार बातमीवर हलतो, अंमलबजावणीची वाट बघत नाही. इथेही पडझड झाली तेव्हा नवे नाईफ जेमतेम तयार व्हायला लागले होते. उलट निवडक लोकांच्या कानावर आधी घातलं असतं, तर ते माल आपल्या भाच्यासारख्यांच्या गळ्यात मारून मोकळे झाले असते. सगळ्यांना एकाच वेळी कळलं, यात मला अन्याय दिसत नाही. आणि हे पहिल्यांदा घडलंय असंही नाही. २०१८ मध्ये ट्रेड केलेल्या वस्तूवर सात दिवसांची बंदी आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये नव्या चाव्यांची देवघेव आणि विक्री बंद केली, कारण त्यातून काळा पैसा पांढरा केला जात होता. दोन्ही वेळा असाच आरडाओरडा झाला, आणि आज त्या दोन्हींची कोणाला आठवणही नाही.

‘गुंतवणूक’ हा शब्द मात्र मला खटकतो. स्टीमचा करार कोणी वाचत नाही, मान्य. पण त्यात सरळ लिहिलंय की या वस्तू तुमच्या मालकीच्या नाहीत, वापरायचा परवाना आहे. स्टीम वॉलेटमध्ये आलेला पैसा बँकेत काढता येत नाही. मार्केटवर एका वस्तूची किंमत २,००० डॉलरच्या वर लावता येत नाही, म्हणून महागडे नाईफ बाहेरच्या साइटवर विकले जातात, जिथे व्हॉल्व्हची काडीचीही जबाबदारी नाही. ज्या वस्तूची मालकी नाही, जिचे नियम समोरचा हवे तेव्हा बदलू शकतो, आणि जी अधिकृतपणे रोख करता येत नाही, तिच्यात पैसे अडकवणं ही हौस आहे. हौसेला मोल नसतं असं आपणच म्हणतो. मग मोल कमी झालं की रडायचं का?

यात दुसरीही एक गोम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे मिळवायचे जे गेम आहेत त्यांच्यावर बंदी, आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता. काउंटर-स्ट्राइक हा दुसऱ्या बाजूला शोभणारा गेम आहे. आपणच गावभर ओरडत सुटलो की हा खेळ नाही, इथे आमची गुंतवणूक आहे, परतावा आहे, तर उद्या कोणी अधिकारी तेच वाक्य आपल्यासमोर वाचून दाखवेल. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांच्या हे डोक्यातही आलेलं दिसत नाही.

गेम संपला? एके-४७ तेव्हाही राउंडमध्ये गेमच्या खोट्या पैशात २,७०० ला मिळायची, आताही तेवढ्यालाच मिळते. एडब्ल्यूपी ४,७५०. स्किनने गोळी जोरात लागत नाही. कर्वे रोडच्या कॅफेत तासावर पैसे देऊन मिराज या नकाशावर बी साइट राखत खेळणाऱ्या पोराला या अपडेटने काय फरक पडला ते मला कोणीतरी दाखवा.

राहिला चाव्यांचा आरोप, आणि इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. व्हॉल्व्ह काही धर्मादाय संस्था नाही. रेडला मागणी आली म्हणजे केस उघडण्याचा मोह थोडा वाढणार. दोन हजार डॉलरच्या आतले नाईफ आणि महागलेल्या रेड स्टीमवरच विकल्या जाणार, तिथे कमिशन मिळणार. पण ट्रेडअपसाठी केस उघडेल असा माणूस मूर्खच असला पाहिजे. एक रेड निघायला सरासरी १५६ केस लागतात, म्हणजे पाचांसाठी ७८० च्या आसपास. तेवढ्या उघडेपर्यंत दोन नाईफ असेच निघालेले असतील. ट्रेडअपचा फायदा रेड बाजारातून विकत घेणाऱ्याला आहे. त्याला निदान आधी कळतं की कुठल्या केसचा नाईफ येणार, आणि पाच रेड घालून निळी हातात पडली असं तरी होत नाही.

केस हा जुगारच आहे, याबद्दल माझं दुमत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये २०१८ पासून त्या उघडता येत नाहीत. फ्रान्समध्ये आत काय आहे हे आधी दाखवावं लागतं. आपल्याकडे चौदा वर्षांचं पोर आईच्या फोनवरून यूपीआय करून चावी घेऊ शकतं. एक चावी २.४९ डॉलरची. नाईफ निघायला सरासरी ३८५ केस, म्हणजे नुसत्या चाव्यांचेच साडेनऊशे डॉलर, ८० हजार रुपयांच्या वर. आणि ही सरासरी झाली. कित्येकांना हजार उघडूनही नाईफ मिळत नाही. हे अपडेटच्या आधीपासून असंच चालू आहे, वर्षानुवर्षं, आणि तो पैसा खरोखर खिशातून जाऊन खरोखर कंपनीकडे पोहोचतो. त्या पैशाबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. उलट माझ्याकडे आला त्या मेसेजच्या खाली, पाठवणाऱ्याने स्वतः केस उघडतानाचा व्हिडिओ जोडला होता.