इम्प्लांट कुठलं, हे शेवटी विचारा

मायदेशात पेनाइल इम्प्लांटची, म्हणजे ताठरता येत नसेल तर ऑपरेशन करून लिंगात बसवायच्या कृत्रिम साधनाची, चर्चा निघाली की ती दोन प्रश्नांभोवती फिरते. वाकवता येणाऱ्या दांड्यांचं घ्यावं की पंपाचं? आणि ऑपरेशन परदेशात करावं की रजा काढून मायदेशी? इथे अमेरिकेत स्थायिक झालेले आपले लोकही हाच हिशेब मांडतात. माझ्या मते दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधीचा महिना आणि नंतरचे सहा आठवडे रुग्णाची काळजी कोण घेणार, हे आधी ठरायला हवं.

परदेश म्हणजे हमी नव्हे. इथेही बऱ्याच यूरोलॉजिस्टकडे वर्षाकाठी मोजकीच इम्प्लांट्स होतात. ज्यांच्याकडे ती जास्त होतात, त्यांच्या रुग्णांवर जंतुसंसर्गामुळे दुसऱ्यांदा ऑपरेशनची वेळ कमी येते. म्हणून "गेल्या वर्षी किती केलीत, त्यांतली किती काढावी लागली?" हे डॉक्टरांना सरळ विचारावं. त्यात उद्धटपणा नाही.

पंपाच्या, म्हणजे तीन भागांच्या इम्प्लांटमध्ये लिंगात दोन सिलिंडर, वृषणकोशात पंप आणि ओटीपोटात सलाइनची पिशवी असते; पंप दाबला की सलाइन सिलिंडरमध्ये जाऊन ते फुगतात. पहिल्यांदा बसवताना संसर्गाचं प्रमाण साधारण १ ते ३ टक्के, बदलताना त्याहून जास्त. आकडा लहान दिसतो, पण संसर्ग झाला तर परिणाम गंभीर असतो. जंतू इम्प्लांटवर चिकट थर करून बसतात आणि गोळ्यांनी तो थर निघत नाही. सगळं काढून जागा तशीच सोडली तर आत व्रण धरतो, लिंग आखडतं आणि पुढचं इम्प्लांट बसवणं अवघड होतं. म्हणून रुग्णाची प्रकृती बरी असेल तर जुनं काढून, जागा भरपूर धुऊन त्याच वेळी नवं बसवतात. सुमारे ८० टक्के रुग्णांत हे साधतं. अशा वेळी पंपाऐवजी वाकवता येणाऱ्या दांड्या घालणं हा चांगला मार्ग ठरला आहे.

संसर्ग टाळायची कामं रोजच्या शिस्तीची आहेत. मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) आधी खाली आणायचा. तो साडेआठ टक्क्यांच्या वर असताना तारीख घेण्याची घाई करू नये. लघवीत, त्वचेवर किंवा शरीरात कुठेही संसर्ग असेल तर ऑपरेशन पुढे ढकलायचं. क्लोरहेक्सिडिन आणि अल्कोहोलच्या द्रावणाने त्वचा पुसून ती पूर्ण वाळू द्यायची. छेद घेतल्यावर हातमोजे आणि उपकरणं बदलायची, वर नवी चादर लावायची, म्हणजे इम्प्लांट त्वचेला लागतच नाही. वरचं अँटिबायोटिकचं आवरण मदत करतं, पण या शिस्तीची जागा घेत नाही.

मापाची चूक रुग्णाला आयुष्यभर जाणवते. सिलिंडर लांब पडला तर तो आत वळतो, टोकाशी दाब येतो आणि कालांतराने त्वचेतून बाहेर येऊ शकतो. आखूड पडला तर लिंगाचं टोक खाली लोंबतं. पूर्वी प्रोस्टेट काढलेल्या रुग्णात पिशवीची नेहमीची जागा चिकटलेली असते. तिथे आंधळेपणाने बोट घातलं तर मूत्राशय किंवा मोठी शीर फाटू शकते. म्हणून कॅथेटरने (लघवीच्या नळीने) मूत्राशय रिकामं करून मगच पिशवी ठेवतात, किंवा ती पोटाच्या स्नायूखाली वेगळ्या जागी सरकवतात.

नाराजीचं मोठं कारण मात्र ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आहे. इम्प्लांटने लांबी वाढत नाही. टोक फुगत नाही. इच्छा, संवेदना, वीर्यपतन आधी जसं होतं तसंच राहतं. ताणून मोजलेली लांबी ऑपरेशनआधी रुग्णाला दाखवावी आणि शक्य असेल तर हे बोलणं जोडीदारासमोर करावं. बोटांत ताकद नसेल, कंप असेल, तर पंप हाताळता येईल का हे तिथेच तपासावं. नसेल येत, तर साध्या दांड्याच योग्य, आणि त्यात कमीपणा मानू नये.

आता रजेचा हिशेब. दुसऱ्या दिवशी ड्रेन (साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी) निघतो, सूज काही आठवडे राहते, आणि पंप वर सरकून राहू नये म्हणून तो रोज हलकेच खाली ओढावा लागतो. पंप चालवायचं शिक्षण साधारण चार ते सहा आठवड्यांनी, मग काही आठवडे रोज फुगवणं-सोडणं. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही. दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं किंवा पंपाला त्वचा चिकटणं ही संसर्गाची खूण असू शकते, आणि ती माणूस परतल्यावर, महिन्यांनीही दिसू शकते. त्या वेळी फोन कोण उचलणार, याचं नाव तिकीट काढण्याआधी ठरवावं. इम्प्लांटचं मॉडेल, सिलिंडरचं माप आणि पिशवी कुठल्या बाजूला, कुठल्या थरात आहे हे लिहिलेला कागद जवळ ठेवावा: पुढे हर्नियाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला तो पहिल्या छेदाआधी हवा असतो, आणि कॅथेटर घालणाऱ्याला इम्प्लांट आहे, फुगवलेलं असेल तर त्यातलं सलाइन आधी पिशवीत परत सोडायचं, हे माहीत असायला हवं.