सेटर लावला म्हणजे पासवर्डचं काम संपलं?

पायथनमध्ये डेटाबेस मॉडेल लिहिणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘पासवर्ड’ नावाची प्रॉपर्टी करा, सेटरमध्ये (व्हॅल्यू ठेवताना चालणारा कोड) हॅश करा, म्हणजे त्याचं उलट न फिरवता येणारं रूप बनवा, आणि गेटरमध्ये (व्हॅल्यू वाचताना चालणारा कोड) एरर फेका. मग साधा पासवर्ड डेटाबेसात जाऊच शकत नाही, हॅश करायला कुणी विसरत नाही आणि दुसरं काही बघावं लागत नाही.

‘जाऊच शकत नाही’ हे चूक आहे. सेटर चालतो तो पायथनच्या ऑब्जेक्टवर व्हॅल्यू ठेवताना. एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस लायब्ररीत मॉडेलचा कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट बनवणारा कोड) व्हॅल्यू ठेवायला पायथनचं सेटॲट्रच वापरतो, त्यामुळे तिथेही चालतो. पण टेबलावर थेट इन्सर्ट किंवा अपडेट केलं की सेटरचा संबंधच येत नाही. त्यात डेटाबेसातल्या कॉलमचं नावही ‘पासवर्ड’ असेल, तर साधा मजकूर बिनबोभाट आत जातो. कॉलमला ‘पासवर्ड_हॅश’ म्हणा. आर्गॉन२ या हॅश पद्धतीचा हॅश ठरलेल्या अक्षरांनीच सुरू होतो, तेव्हा तशी चेक कन्स्ट्रेंटही (डेटाबेसच तपासतो अशी अट) लावा.

‘विसरत नाही’ हे खरं, पण नको तेव्हाही हॅश होतो आणि जास्त नुकसान तिथेच होतं. प्रोफाइलच्या फॉर्मवर एखादीने नाव बदललं, पासवर्डचा रकाना रिकामा सोडला. डब्ल्यूटीफॉर्म्स या फॉर्म लायब्ररीचं पॉप्युलेट_ऑब्ज प्रत्येक रकाना ऑब्जेक्टवर उतरवतं. सेटर रिकाम्या स्ट्रिंगचा हॅश करतो, कमिट होतं, एरर येत नाही, आणि तिचा जुना पासवर्ड गेलेला असतो. जुन्या सिस्टिममधून आणलेले हॅश याच सेटरमधून गेले तर हॅशचा हॅश होतो आणि कुणालाच लॉगिन करता येत नाही.

म्हणून ‘सेट_पासवर्ड’ अशी सरळ मेथड लिहा आणि रिकामी स्ट्रिंग तिथेच नाकारा. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्येही याच नावाची मेथड आहे. शिवाय हॅश करायला वेळ लागतो: बीक्रिप्ट या हॅश पद्धतीत कॉस्ट (किती मेहनत करायची तो आकडा) एकाने वाढवला की वेळ दुप्पट होतो. इतकं जड काम असाइनमेंटच्या ‘=’ चिन्हामागे लपवू नये. असिंक कोडमध्ये तेवढा वेळ इव्हेंट लूप (सगळी कामं आळीपाळीने चालवणारा भाग) अडकून राहतो, आणि नुसत्या असाइनमेंटकडे बघून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

राहिलं ‘दुसरं काही बघावं लागत नाही’. निदान कॉलमची लांबी बघा. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा, तर वर्कझ्युग या वेब लायब्ररीच्या डीफॉल्ट ‘scrypt’ हॅश पद्धतीचा १६२ अक्षरांचा. जुन्या उदाहरणांतून उचललेला १२८ अक्षरांचा कॉलम एसक्यूलाइट या डेटाबेसवर चालून जातो, कारण ते लांबी तपासत नाही. लांबी तपासणाऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसवर पहिलंच साइनअप फसतं. २५५ ठेवा.