‘मेल्या’ ही शिवी तिथे कोण कोणाला देणार?

झॉम्बीपट, म्हणजे उठून चालू लागलेल्या प्रेतांचे चित्रपट आणि मालिका, आणि विज्ञानमालिका मी अनेक वर्षे मनापासून पाहत आलो आहे. चाहत्यांच्या गप्पा रंगल्या की दोन वाद हटकून निघतात. झॉम्बीपटांतली माणसे ‘झॉम्बी’ हा शब्द उच्चारायला का कचरतात, हा पहिला. आणि अंतराळयानांतली माणसे ज्या बनवलेल्या शिव्या देतात त्या खऱ्या वाटतात की पोरकट, हा दुसरा. हे वाद वेगवेगळे आहेत असे सगळे धरून चालतात. मला मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: जगाची उलथापालथ झाल्यावर घाबरलेल्या किंवा चिडलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? झॉम्बीपटांनी या प्रश्नाचे निम्मेच उत्तर दिले आहे, अशी माझी तक्रार आहे.

आधी ‘झॉम्बी’ या शब्दाविषयी. तो हैतीचा आहे आणि त्याच्यामागे उसाच्या मळ्यांवरची गुलामी आहे. मेल्यावर तरी सुटका होईल ही गुलामाची शेवटची आशा. मरणानंतरही कोणीतरी आपल्याला उठवून कामाला जुंपेल, ही त्याची सर्वांत मोठी भीती. 1932 च्या ‘व्हाइट झॉम्बी’मध्ये ही भीती अजून शाबूत आहे. त्यातला साखर कारखान्याचा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला आहे. डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसे रांगेने चालत आहेत, लाकडी चरक कण्हल्यासारखा करकरतो आहे, एक जण तोल जाऊन थेट यंत्रात पडतो, आणि बाकीच्यांपैकी कोणाचेही पाऊल थबकत नाही. या झॉम्बींना मालक आहे. खरे भय त्या मालकाचे आहे.

दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये हा मालकच काढून टाकला. प्रेते उठली, पण कोणाच्या हुकमावरून नव्हे. त्यांना राबायचे नव्हते, खायचे होते. म्हणून त्या चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही येत नाही. बातम्यांमध्ये त्यांना ‘घूल’, म्हणजे प्रेते खाणारे पिशाच्च, म्हटले जाते. पुढे प्रेक्षकांनीच जुना शब्द या नव्या जिवावर चढवला आणि तो असा घट्ट बसला की नंतरच्या पटकथाकारांना तो टाळावा लागला. ज्या माणसाने आधीच झॉम्बीपट पाहिलेले आहेत, त्याला नेम डोक्यावरच धरायचा हेही ठाऊक असणार आणि मग भीतीला जागाच उरत नाही. ‘वॉकिंग डेड’ या मालिकेच्या जगात तर असे चित्रपट कधी निघालेच नाहीत, असे गृहीत धरलेले आहे. त्यामुळे प्रत्येक टोळीने आपापला शब्द घडवला. रस्त्यावर भटकताना पाहिले त्यांनी ‘वॉकर’ म्हटले. वुडबरी या तटबंद वस्तीत भिंतीआड राहणारे ‘बायटर’ म्हणतात, कारण भिंतीआडच्या माणसाला चावाच तेवढा ठाऊक. आणि प्रेतांची कातडी तोंडावर चढवून त्यांच्यातच वावरणारे ‘व्हिस्परर’ त्यांना चक्क ‘गार्डियन’, म्हणजे रखवालदार मानतात. एका शब्दावरून बोलणारा कुठे आणि कसा जगला ते कळते. अशा लेखनाला मी मनापासून दाद देतो.

शिव्यांची गोष्ट मात्र सक्तीतून सुरू झाली. अमेरिकेत 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की लहान मुलांच्या कानावर पडण्याची शक्यता असलेल्या वेळी आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवरच्या असभ्य भाषेवर सरकार बंधन घालू शकते. त्याच वर्षी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’तले वैमानिक ‘फ्रॅक’ म्हणू लागले आणि ‘मॉर्क अँड मिंडी’तला परग्रहवासी ‘शॅझबॉट’. खरी शिवी चालत नव्हती, म्हणून खोटी आली. 2004 च्या नव्या ‘गॅलॅक्टिका’ने ‘फ्रॅक’च्या रोमन लिखाणातले ‘सी’ हे अक्षर गाळले. इंग्रजीत शिवीला ‘चार अक्षरी शब्द’ म्हणतात, तेव्हा याही शब्दाची अक्षरे चारच असावीत, हा त्यामागचा विचार. एवढी काळजी घेऊनही तो शब्द मला बुरखा पांघरलेल्या इंग्रजी शिवीसारखाच वाटतो. प्रेक्षक मनातल्या मनात मूळ शब्द घालून पुढे जातो.

ध्वनीचाही भाग मोठा आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिब्रू, हिंदी, हंगेरियन, कोरियन आणि रशियन भाषांतल्या शिव्या तपासल्या होत्या. त्यांत आपले व्याकरण ज्यांना अर्धस्वर म्हणते, ते य, र, ल, व यांसारखे ध्वनी कमी आढळले. हे वाचल्यावर ‘फारस्केप’मधली ‘फ्रेल’ ही शिवी मला कधीच का झोंबली नाही याचा उलगडा झाला. तिच्यात र आहे, ल आहे, आणि शेवटी जीभ अलगद टेकते. याउलट ‘रेड ड्वार्फ’मधला ‘स्मेग’ तोंडातून फेकल्यासारखा बाहेर पडतो आणि ‘ग’वर आपटून थांबतो. अर्थ माहीत नसलेल्यालाही आपल्याला शिवी हासडली गेली हे कळावे, असा तो शब्द आहे.

पण नुसत्या आवाजाने शिवी जिव्हारी लागत नाही. ती त्या समाजाच्या दुखऱ्या जागेतून यावी लागते. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘द एक्सपान्स’मध्ये हे साधले आहे. लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांसाठी निक फार्मर या भाषातज्ज्ञाने बोली घडवली आणि तिच्यातली ‘वेलवाला’ ही शिवी मला सर्वांत अस्सल वाटते. ‘वेल’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाची विहीर, अर्थात ग्रह. आणि ‘वाला’ तर आपल्या ओळखीचाच. ग्रहावरच्यांचा मिंधा झालेला, आपल्या माणसांशी बेइमान, असा तिचा रोख आहे. कमी गुरुत्वात वाढून ज्यांची हाडे ग्रहाचे वजन पेलू शकत नाहीत, त्यांच्या तोंडची ही शिवी दुसऱ्या कोणत्याही जगात जन्मलीच नसती. चौथ्या पर्वापासून, म्हणजे 2019 पासून, ही मालिका दूरचित्रवाहिनीवरून अॅमेझॉनवर आली आणि तिच्यातल्या पृथ्वीवरच्या राजकारणी अवासारला बाई खऱ्या इंग्रजी शिव्यांची मनसोक्त लाखोली वाहू लागल्या. तरीही पट्ट्यातल्या लोकांची बोली होती तशीच राहिली. तोंडावरचे बंधन सुटल्यावरही जो शब्द टिकतो, तो पडदा म्हणून आलेला नव्हता हे त्यावरून सिद्ध होते, असे मी मानतो.

आता माझी तक्रार. झॉम्बीपटांनी राक्षसाला नवी नावे दिली, पण माणसांच्या शिव्या जुन्याच ठेवल्या. संस्कृती कोसळून दहा वर्षे झाली आहेत, शाळा नाहीत, देवळे नाहीत, न्यायालये नाहीत, आणि तरीही माणसे चिडली की कोसळण्यापूर्वीचेच शब्द वापरतात. त्या जगातच जन्मलेली मुलेसुद्धा वेगळे काही बोलताना माझ्या पाहण्यात आली नाहीत. शिवी समाजाच्या निषिद्ध गोष्टींवर पोसते. मग जिथे मृताच्या डोक्यावर शेवटचा घाव घालायला कचरणे हाच सर्वांत मोठा गुन्हा ठरतो, किंवा जिथे चावलेला माणूसही मरून झॉम्बी होतो आणि म्हणून चावा लपवणारा सगळ्यांचा जीव धोक्यात घालतो, तिथे ‘चावा लपव्या’ यापेक्षा हीन शिवी कोणती असेल? असा एखादा शब्द पटकथेत पेरायला पैसा लागत नाही, त्या जगात थोडा वेळ राहून विचार करावा लागतो.

आपल्या भाषेत ‘मेल्या’ आणि ‘मुडद्या’ या शिव्या आहेत. त्या चालतात, कारण समोरचा धडधडीत जिवंत असतो. रागात तर दिल्या जातातच, पण कधीकधी त्यांत मायाही असते. प्रेते उठून चालू लागलेल्या जगात एखादी आई दाराशी पोहोचलेल्या मुलाला उशीर केल्याबद्दल ‘मेल्या’ म्हणेल का? म्हणाली, तर आतले सगळे जण हातातले काम टाकून दाराकडे बघतील आणि मुलगा आधी बाह्या वर करून दोन्ही हात दाखवील. हा प्रसंग मला कोणीतरी पडद्यावर दाखवावा.