"टॅक्सच्या पैशातून माकडांची भरपाई कशाला?" या कमेंटला उत्तर

नमस्कार साहेब,

कमेंट सविस्तर लिहिलीत म्हणून उत्तरही जरा लांबलंय. माकडं आणि रानडुकरं शेतीची वाट लावतात, सरकारने भरपाई आणि कुंपणासाठी हात मोकळा सोडला पाहिजे, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की जंगलं तोडून बागा लावल्यात तर जनावरं येणारच, ज्याने त्याने आपलं कुंपण आपल्या पैशाने घालावं, आणि तुमचं मूळ गाव रत्नागिरीतल्या लांज्याकडचंच आहे पण तिथले लोक आता आळशी झालेत, जमिनी पड टाकून बसलेत.

आधी जंगलाचं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराच्या लागवडीसाठी डोंगर बोडके झाले हे खरंच आहे, त्यावर मी भांडणार नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं, जे हिरवं दिसतं ते बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरचं आहे, आणि भाताची खाचरं तर पणजोबांच्या आधीपासूनची आहेत. उलट आज जिथे डुक्कर लपतंय तिथे आपल्या लहानपणी नाचणी होती. माणसं मुंबईला गेली, खाचर पड पडलं, दोनचार पावसात करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी माजली, डुकराला दिवसा बसायला जागा झाली. रात्री ते बाहेर पडतं ते शेजारच्या उभ्या भातात. खातं किती ते सोडा हो, लोळून आणि उकरून जे आडवं करतं त्यात खरी वाट लागते. दोन वर्षं असं झालं की तो शेजारीही सोडतो, त्याचंही रान होतं, मग त्याच्या पलीकडच्याची पाळी. तुम्ही ज्याला आळस म्हणताय तो हा असा वाडीभर पसरलाय.

आता पैशाचं. तुम्ही म्हणता शेतकऱ्याने स्वतः बंदोबस्त करावा. कशाने? 1972 च्या वन्यजीव कायद्याने ही जनावरं मारायची तर परवानगी लागते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरासाठी 2015 ला राज्याने परवान्याची वाट जरा सोपी केली, पण अर्ज, पाहणी, परवाना हे होईपर्यंत शेतात काय उरतं? सिंधुदुर्गात कितीतरी जणांकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, सरकारनेच दिलेलं लायसन्स, पण जनावर मारायचा परवाना नसेल तर त्या बंदुकीने हवेत बार काढायचा फक्त, आणि निवडणूक लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा करायची, डुकराला आचारसंहिता नसते ना! कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण उपाय सरकारने काढून घेतला तर खर्चाला हातभारही सरकारचाच लागणार, त्याला फुकट म्हणू नका.

आणि त्या भरपाईचंही ऐका जरा. नुकसान झालं की तीन दिवसांत कळवायचं, मग वनखात्याचा माणूस, तलाठी किंवा ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करणार. पाच गुंठ्याच्या चोंड्यातलं, म्हणजे लहानशा खाचरातलं भात गेलं तर हातात येणार किती, आणि त्यासाठी तालुक्याला खेपा किती? बहुतेक जण अर्जच करत नाहीत. केलड्यांनी (लाल तोंडाच्या माकडांनी) पाडलेल्या नारळांचा पंचनामा कसा करणार तेही कुणीतरी सांगा, कोवळं शहाळं सोलून दोन घोट पितात आणि टाकतात, काजूचं तर बोंड चोखून बी हिरवी असतानाच फेकून देतात. आता खरीप 2026 पासून पीकविम्यातही वन्यप्राण्यांचं नुकसान धरणार, 72 तासांत ॲपवर फोटोसकट कळवायचं. चांगलंच आहे, फक्त रेंज कुठे येते ते आमच्या वाडीत येऊन बघा. पण भरपाई असो की विमा, पेरलेलं गेलं तर पैसे, जे भीतीने पेरलंच नाही ते कुठल्याच कागदावर येत नाही, आणि कोकणात मोठं नुकसान तेच आहे.

माकडं पकडायला 2025 च्या नोव्हेंबरात सरकारने दर ठरवला, पहिल्या दहापर्यंत माकडामागे 600 रुपये, पुढे 300, वर 10,000 ची मर्यादा, आणि वस्तीपासून दहा किलोमीटर लांब सोडायची. पण दहा किलोमीटरवर कोकणात काय असतं? दुसरं गाव! हिमाचलने 2006-07 पासून नसबंदी चालवलीये, लाखाच्या वर माकडांची केली, तरी त्यांचा प्रश्न संपलेला नाही. 2016 ला शिमल्यात तर मारायचीही मुभा मिळाली होती, पण मारुतीचं रूप म्हणून फारसं कुणी हात लावला नाही, आमच्याकडेही तेच होईल. त्यामुळे नसबंदी करायची तर सलग आणि अख्ख्या पट्ट्यात करावी लागेल, एका गावात टोळी पकडून काही होत नाही.

राहिलं कुंपण. सौर कुंपणाला अनुदान आहे, वनखात्याच्या जनवन योजनेतून 75 टक्के किंवा 15,000 यातलं जे कमी ते, असा त्याचा नियम मला माहीत आहे. देशावर एकाची चार एकर सलग असते तिथे हे चालतं. इथे तुकडे, एक खाचर वर, दुसरं पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे. पावसात गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणजे सतत बेणणी, गवत काढणं आलं, आणि माकड तर तारेला शिवतच नाही, आंब्याच्या फांदीवरून थेट आत. म्हणून माझी मागणी माणसामागे अनुदानाची नाहीच, अख्ख्या मळ्याला, म्हणजे सगळ्यांच्या लागून असलेल्या खाचरांना मिळून एक कुंपण द्या, गडग्यालगतचं (दगडी बांधालगतचं) रान तोडायला रोजगार हमीतून मजुरी द्या. अडतं कुठे तर सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातली पंधरा मुंबई-पुण्यात, आणि सगळ्यांची संमती लागते.

तुमचं नावही असेलच की तुमच्या गावच्या सातबाऱ्यावर. तिथे भावकीतलं कुणी कुंपणासाठी संमतीपत्र मागत असेल तर सही करून पाठवा, आणि तुमच्या वाटणीतली करवंदं तोडायची मजुरीही जोडा सोबत, मग टॅक्सच्या पैशाचं सावकाश भांडू.