वेरॉनच्या ऑइलबद्दल फिरणारा मेसेज : थोडं खरं, बरंच तिखटमीठ

‘बुगाटी वेरॉन या महागड्या, अतिवेगवान गाडीचं ऑइल बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि त्याचं खास ऑइलच 20,000 डॉलरचं असतं,’ असा मेसेज सध्या फिरतोय. आकडा बरोबरच्या आसपास आहे. अधिकृत सर्व्हिसचं बिल खरंच तेवढं येतं, म्हणजे 17-18 लाख रुपये. कारण मात्र साफ चुकीचं आहे.

इंजिन जागचं हलत नाही. ऑइलही सिंथेटिकच, बाजारात मिळणाऱ्यातलं. पैसे जातात ते मजुरीत. 8 लिटरचं, 16 सिलिंडरचं आणि 4 टर्बोचं हे इंजिन गाडीच्या मधोमध बसवलंय, त्यामुळे मागची चाकं, आतली आवरणं, खालचे पत्रे असं सगळं उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. एकेक स्क्रू सोडवत जायचं. ऑइल सोडायचे बोल्टही एक-दोन नाहीत, तब्बल 16! आपल्या गॅरेजवाल्या पोराला सांगितलं तर तो हसेल.

त्याच मेसेजमधलं ‘टायर 15 मिनिटांत संपतात’ हे विधान अर्धवट आहे. ते लागू होतं ताशी 400 किलोमीटरच्या वर सलग पळवली तर. पण त्या वेगात 100 लिटरची टाकी साधारण 12 मिनिटांतच रिकामी होते, त्यामुळे टायर फाटायच्या आधी गाडीच थांबते. शहरात फिरवणाऱ्याला त्याची चिंता नको. मिशलिनच्या त्या खास टायरांच्या किमतीची मात्र जरूर करावी.